घरात पिल्लू सोडताना!

'पप्पा, आपण डॉगी आणू या ना!' मे महिन्याच्या सुट्टीत हे पिल्लू घरातलं कुणीतरी सोडतंच. मग ते जेवायच्या टेबलावर, गाडीत, मामाच्या घरी, सगळीकडे धावत सुटतं. दोन आठवड्यांत आईबाबांची विकेट ठरलेली. ती पडायच्या आत थोडी धमाल माहिती गोळा करू या? चला, पट्टा घट्ट धरा!

माहीत आहे का, ही विकेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचीही पडली आहे? 2008 ची निवडणूक जिंकल्याच्या रात्री बराक ओबामांनी भर भाषणात आपल्या दोन मुलींना पिल्लाचा शब्द दिला. थोरल्या मालियाला ॲलर्जी! मग कमी केस गाळणारी जात शोधता शोधता 2009 चा एप्रिल उजाडला आणि 'बो' नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग व्हाइट हाउसमध्ये दाखल झाला. एवढ्या बिझी माणसाने पाच महिने घेतले. आपण रविवारी दुपारी दुकानात शिरतो आणि वीस मिनिटांत पिल्लू बगलेत मारून बाहेर येतो.

बरं, आपली निवड ठरवतं कोण? स्क्रीन! 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतोय? क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायर, क्लायमॅक्सला पोस्टमन. ऑल-राउंडर! त्याच्यासारख्या पांढऱ्या गुबगुबीत गोळ्याला आपण झोकात 'पॉमेरियन' म्हणतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो.

मग आला 'हच' मोबाइलच्या जाहिरातीतला पग. पोर जाईल तिथे मागे मागे हजर! पण एक गोष्ट जाहिरातीत नव्हती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. आणि पगचं नाक पडलं चपटं, त्यामुळे श्वासाचीच ओढाताण. नेटवर्क फुल, हवेची रेंज गुल! नागपूरच्या मे महिन्यात पग पाळायचा, तर बजेटमध्ये एसीही धरा.

ॲड्रेस प्रूफ मात्र कुठल्याच कुत्र्याकडे मागू नका. ग्रेट डेन डेन्मार्कचा नाही, जर्मनीचा. ऑस्ट्रेलियन शेफर्ड घडला अमेरिकेत. आणि मुलांच्या घरांचा लाडका लॅब्रॅडॉर? त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरचे.

लॅबची आणखी एक गंमत. सदा भुकेला दिसतो ना? 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या जनुकातच गडबड असते, त्यामुळे 'पोट भरलं' हा मेसेज मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. घरात दोन वर्षांचं पोर एक घास खातं, तीन घास खाली सांडतं. आता करा हिशेब, वजन कुणाचं वाढणार?

सांडलेलं काय आहे, तेही बघा बरं का! कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. द्राक्षं, मनुका, लाडवातला बेदाणा किडनीवर उठू शकतो. चॉकलेट तर विषच. म्हणजे आपला चातुर्मास चार महिन्यांचा, याचा बारा महिन्यांचा. आणि कांदेनवमी? कध्धीच नाही!

स्वदेशी हवा? आपल्या शेजारचा मुधोळ हाउंड घ्या. महाराष्ट्रात याच घराण्यातले कारवानी, पश्मी भेटतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोडी थेट इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली होती, आणि 2005 मध्ये पोस्टाने मुधोळ तिकिटावर आणला. रुबाब आहे! पण हा सशामागे सुसाट सुटणारा गडी. टू-बीएचकेत सोफ्यावरून बेडवर आणि बेडवरून सोफ्यावर, एवढ्याने त्याचं भागत नाही. मला विचाराल तर सोसायटीच्या गेटवरचं देशी पिल्लू उचला. हवामान त्याला पाठ असतं.

दातांचा सामना बघायचाय? आपल्या बाळाला दुधाचे दात 20, पिल्लाला 28. मोठेपणी आपले 32, त्याचे 42. मुलांचे दात सहाव्या वर्षी पडायला लागतात आणि पुढे वर्षानुवर्षं कार्यक्रम चालतो. पिल्लू चौथ्या महिन्याच्या आसपास सुरुवात करून सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत सगळं उरकतं. तेवढ्या काळात कंपासपेटी, चप्पल, टीव्हीचा रिमोट उंच ठेवा. आमच्या घरी रिमोटचं व्हॉल्यूमचं बटण आजही नाही.

हिरवळीवर लाल चेंडू टाकला आणि डॉगी तिथेच घुटमळतोय? बावळट नाही हो तो! कुत्र्याला रंग दिसतात, पण मुख्यतः निळा आणि पिवळा. म्हणजे आयपीएलमध्ये मुंबई दिसणार, चेन्नई दिसणार, बंगळुरूच्या लाल जर्सीचं काही खरं नाही.

आता जरा ब्रेक! मुलं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकतात आणि आपण पटकन फोटो काढतो. त्या फोटोत कुत्र्याकडे बघितलंय कधी? तो जांभई देतोय, ओठ चाटतोय, मान वळवतोय, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय? झोप आलेली नाही त्याला. 'ताई, सोड की मला' असं तो त्याच्या भाषेत सांगतोय. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचाच निघतो, आणि जखम बहुतेक चेहऱ्यावर होते, कारण दोघांची उंची जुळते. त्यामुळे तो खाताना, झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. मूल लहान असेल तर दोघांना एकटं सोडायचं नाही. 'आमचा शेरू काही करत नाही' हे वाक्य शेरूने वाचलेलं नसतं.

आणि 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही धमकी? आउटडेटेड! आता मोजकीच, तीही दंडात. मात्र चावला की आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि मग थेट डॉक्टर. माहीत आहे का, 1885 मध्ये लुई पाश्चरने रेबीजची लस दिली तो जोसेफ माइस्टर अवघा नऊ वर्षांचा होता!

खरेदीची घाई? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे.

किती वर्षांची साथ? ऑस्ट्रेलियाचा ब्लूई 29 वर्षं 5 महिने जगला. पोर्तुगालच्या बॉबीने 31 वर्षांचा दावा करून त्याला मागे टाकलं खरं, पण 2024 मध्ये गिनेसने पुराव्याअभावी किताब काढून घेतला. आपला लॅब साधारण दहा-बारा वर्षांचा सोबती. म्हणजे दुसरीतल्या चिंटूने हट्टाने आणलेला डॉगी चिंटू कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार. सकाळी सहाला फिरवायला कोण नेणार, ते आत्ताच लिहून घ्या. सहीसकट!

शेवटचं पिल्लू सोडतो. आई हाक मारताना 'सोनू… मिनू… अगं चिनू!' असं सगळं हजेरीपत्रक वाचते ना? 2016 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या घोटाळ्याचाही अभ्यास केला. आपण घरच्यांची नावं घरच्यांशीच गोंधळतो, आणि त्या यादीत कुत्र्याचं नावही घुसतं. मांजराचं? जवळजवळ कधीच नाही! तेव्हा आईने तुम्हाला 'मोत्या' अशी हाक मारली, तर गुपचूप 'ओ' द्या.