गाठ काढली, आता पुढे?

छातीतली गाठ काढून घरी आलेल्या बाईला जखमेपेक्षा धास्तीच अधिक छळते. पहिले आठ-पंधरा दिवस जागा सुजते, काळीनिळी पडते. ते हळूहळू ओसरते. टाक्यांखाली कडकपणा लागतो, तो मऊ पडायला काही महिने जातात. तेवढ्यावरून गाठ परत आली असे समजू नये. वाढत असेल तर मात्र दाखवावे. आधाराची चोळी रात्रीही घालावी. डॉक्टर सांगेपर्यंत हंडा, भारा उचलू नये. जखमेवर हळद, राख लावू नये. ताप, पू, वाढती लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा कागद मागून घ्यावा. पुढचा उपचार त्यावरच ठरतो. आणि घरच्यांनो, तेवढे दिवस पाणी तुम्ही भरा!