सेट मागवला की झालं!

कुक आयलंडमधल्या मंगाया बेटावरच्या आजी गेल्या हिवाळ्यात ऑकलंड सोडून आपल्या गावी परतल्या. इथल्या त्यांच्या ज्या गॅरेजात नाचाचे घागरे बनायचे, तिथे आता चक्क गाडी उभी असते. आणि ज्या शाळेच्या मुली वर्षानुवर्षं त्यांच्या हातचे घागरे नेसून नाचल्या, तिथे यंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून तयार घागरे आले. लहान, मध्यम, मोठे, कमरेला इलॅस्टिक. एका शिक्षिकेला विचारलं तर म्हणाली, "सेट मागवला, डोक्याचा ताप गेला!" तिचा गेला असेल.

हे घागरे ज्याच्यासाठी, त्या पॉलीफेस्टचा, म्हणजे शाळकरी मुलांच्या पॅसिफिक नाचांच्या इथल्या महोत्सवाचा, मागोवा घ्यायचा तर १९७६ला जावं लागतं. ओटाराच्या हिलरी कॉलेजात तो सुरू झाला. त्याच सुमारास पोलीस भल्या पहाटे पॅसिफिक कुटुंबांची दारं ठोठावून व्हिसा संपलेल्यांना उचलत होते. त्याबद्दल सरकारने माफी मागायला २०२१ उजाडलं. त्या समारंभात पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांना सामोआच्या रिवाजाप्रमाणे बारीक विणीच्या चटईखाली झाकलं गेलं. केवड्याच्या जातीच्या पानांची ही चटई विणायला महिनेच्या महिने लागतात. फोटो जगभर छापून आला, फोटोखाली पंतप्रधानांचं नाव होतं. विणणारीचं नाव मी शोधत राहिले.

इथलं ऐंशीचं दशक मी पाहिलेलं नाही आणि त्याबद्दल ऐकलेलं फारसं रंजकही नाही. १९९२च्या आसपास 'पॅसिफिक सिस्टर्स' हा कलावंतांचा गट जमला. सालं, शिंपले, हाडं आणि टाकाऊ कपडे एकत्र करून त्यांनी जे वेश केले, त्यांचं २०१८मध्ये 'ते पापा' या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शन भरलं. छान झालं. पण संग्रहालयात पोचायला नावाभोवती वलय लागतं आणि गॅरेजात बसणाऱ्या बायकांना ते कोण देणार?

माझं दशक म्हणजे या शतकाचं पहिलं. मी दक्षिण ऑकलंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले आणि पालक-संपर्काच्या नावाखाली माझी रवानगी त्या गॅरेजात झाली. कुक आयलंडचा नाचाचा घागरा ज्या झाडाच्या सालीचा होतो, ते जास्वंदीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं झाड आपल्या कोकणातही खाडीकाठी उगवतं. सरळसोट कोवळ्या फांद्यांची साल सोलायची, पाण्यात कुजत ठेवायची, मग आतले पापुद्रे सुटे करून धुऊन वाळवायचे. इतकं बेटावर व्हायचं. या सालीला तिथे किरिआउ म्हणतात. ऑकलंडला येत वाळलेल्या जुड्या. शिंपले, बिया, पिसं सामानात असली की विमानतळावर जाहीर करावीच लागतात; या देशाला किडीची धास्ती. त्यामुळे सामान ताब्यात येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला.

मग गॅरेजात काम सुरू. आजी जुडी ओलसर करून टाचणीने पापुद्र्याच्या पट्ट्या उभ्या चिरायच्या. एकसारख्या झाल्या पाहिजेत, नाहीतर घागरा एका बाजूला लोळतो. पुड्यांतला रंग मोठ्या पातेल्यात उकळायचा आणि पट्ट्या कपड्यांच्या दोरीवर वाळत पडायच्या. शेजारच्या चादरीवर लाल डाग पडल्याची भांडणंही मीच मिटवली आहेत. वाळल्यावर एकेक पट्टी दोरीला गाठ मारून घट्ट सरकवायची. वरचा शिंपल्यांचा पट्टा वेगळा. मंगायाचे पुपू तर नखाएवढेही नसतात. पाऊस पडून गेला की या इवल्या गोगलगायी प्रवाळखडकांतून बाहेर येतात, तेव्हा वेचायच्या. एका माळेला शेकडो.

मुलगी आली की घागरा कमरेच्या हाडाखाली बांधायचा आणि आजी म्हणायच्या, "आता नाच." ती नाचायची, आजी खाली बसून बघायच्या, उठून कुठे पट्ट्या काढायच्या, कुठे वाढवायच्या. कंबर बोटभर हलली तर घागरा वीतभर हलला पाहिजे, हा हिशेब. सालीला वजन असतं, ती झोका घेते आणि सळसळते. खोक्यातला प्लॅस्टिकचा घागरा पायांना चिकटतो.

आता कुणी म्हणेल, बाईंना प्लॅस्टिकचा राग. मुळीच नाही. त्याच गल्लीतली एक टोंगाची बाई जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या फितीतून कमरेभोवती बांधायची कीएकीए विणायची, काळीभोर, चकचकीत, अशी की बघत राहावं. वस्तू कशाचीही असो. मला राग आहे तो माप न घेता आलेल्या वस्तूचा.

जुने हिशेब निघालेच आहेत तर एक आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा. ध्वनियंत्रणेला पैसे, बाहेरच्या नृत्यशिक्षकाला पैसे आणि गॅरेजातल्या बायकांना छापील आभारपत्र. पुस्तिकेत प्रायोजकांची नावं ठळक अक्षरांत. यांच्या वाट्याला 'समाजाचे आभार'. दुसरा आपल्याच लोकांचा. २००२ला ऑकलंडची दिवाळी सुरू झाली, तेव्हा मी आपल्या मराठी मंडळात सुचवलं की मुलींना या बायकांकडे एक दिवस घेऊन जाऊ. एक सद्गृहस्थ म्हणाले, "आपण त्यांच्यात कशाला?" त्यांच्या कन्येची शिवलेली नऊवारी दादरहून पार्सलने आली होती, निऱ्या शिवूनच. लावणीच्या दुसऱ्या कडव्यात तिचा हूक तुटला. मी हसले नाही, असं म्हणणार नाही.

नंतरची वर्षं बातम्यांतच गेली. २०१५ला एक फळमाशी सापडली आणि 'पासिफिका' या दुसऱ्या महोत्सवाची जागाच बदलली. २०१६ला डिस्नीने माउई या पॅसिफिक देवाचा गोंदणासकट अंगरखा बाजारात आणला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. २०१९ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यामुळे पॉलीफेस्टचा शेवटचा दिवस रद्द झाला, पुढच्या वर्षी करोनामुळे सगळाच. कपाटांत घागरे तसेच राहिले, आणि त्या दोन वर्षांत गॅरेजात येणाऱ्या मुली मोठ्या होऊन कामाधंद्याला लागल्या. आजींच्या बोटांना संधिवात झाला तेव्हा शेजारी बसून गाठ मारणारं कुणी उरलं नव्हतं.

परवा त्यांना फोनवर सेटची किंमत सांगितली. किमतीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. "तुटलं तर कोण बांधतं?" एवढंच विचारलं. तुटलंच होतं, सेफ्टी पिन लावून मुलगी नाचली.

आता त्या जुडी पाठवायला तयार आहेत. दोन मुली शिकू म्हणताहेत, एकीच्या आईने गॅरेज देऊ केलं आहे. मी शाळेकडे खर्चाचा अर्ज मागितला. त्यात 'खरेदी' आहे, 'भाडे' आहे, 'वाहतूक' आहे. बनवण्याला रकाना नाही. 'इतर'मध्ये लिहून दिलंय, खाली आजींच्या नावासकट.