आपला ऑनलाइन कोर्स : बनवायचा कसा, विकायचा कोणाला?

एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये काय चालतं ते वेगळं सांगायला नको. एका रूमवर पंधरा-वीस जण जमतात, ज्याला लाप्लास ट्रान्सफॉर्म समजला आहे तो गादीवर बसून सांगतो, बाकीचे वहीत उतरवतात, आणि दोन वाजता कोणीतरी चहा करून आणतो. ज्यांनी सेमिस्टरभर पुस्तक उघडलं नाही ते पण त्या रात्रीच्या भरवशावर पास होतात. हा जो सांगणारा मित्र आहे, त्याच्याकडे विकण्यासारखी वस्तू आहे बरं का! फक्त ती अजून वस्तू झालेली नाही. ती कशी करायची, आणि केल्यावर घेणार कोण, याबद्दल हा लेख आहे. स्टाफपैकीही बरेच जण ‘आपण पण रेकॉर्डिंग करून टाकावं का’ असं विचारत असतात, त्यांच्याही कामाचं यात काही सापडेल.

पहिला प्रश्न हाच की सगळं फुकट मिळत असताना पैसे कोण देणार? आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल सुरू केलं. थर्मोडायनॅमिक्सपासून मशीन लर्निंगपर्यंत तिथे सगळं आहे, आणि पाहायला एक पैसाही लागत नाही. त्याहून चांगले प्राध्यापक आपण कुठून आणणार? खरं आहे. पण आपल्या महाराष्ट्राचंच एक उदाहरण पाहा. २००१ साली राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल ही कंपनी निघाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा कोर्स गावोगाव गेला. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी काका, आत्या नाहीतर मोठ्या ताईने तो केलेला असेल. त्यात होतं काय? विंडोज, वर्ड, एक्सेल. पुस्तकांच्या दुकानात हे सगळं मिळत होतंच. तरी लाखो लोकांनी फी भरली, कारण त्यांना माहिती नको होती. कोणत्या दिवशी काय शिकायचं हा क्रम, हात चालवायला ठराविक वेळ मिळणारा संगणक, अडलं तर शेजारी विचारायला माणूस, मराठीत समजावलेला धडा, आणि शेवटी सरकारी नोकरीच्या अर्जात लिहिता येईल असं प्रमाणपत्र, या गोष्टींचे त्यांनी पैसे दिले. वरोरा किंवा आरमोरीच्या बाजारपेठेतल्या दोन खोल्यांतही हे उभं राहू शकलं ते याच्यामुळे. म्हणजे माहिती फुकट झाली तरी क्रम, सराव, उत्तर देणारा माणूस आणि आपली भाषा या चार गोष्टी अजूनही विकत घ्याव्या लागतात.

आता विषय. आपल्याकडे कोणालाही विचारा, तो म्हणेल पायथॉनचा कोर्स काढू. जरूर काढा, पण पायथॉन शिकवणारे जगात हजारो आहेत आणि त्यातले निम्मे फुकट शिकवतात. दुसरी उडी पोलीस भरती आणि वनरक्षक भरतीवर. गडचिरोलीत तर भरतीची जाहिरात निघाली की चौकाचौकात क्लासचे बॅनर लागतात. तिथेही गर्दीच. शिवाय त्या पोरांच्या घरची परिस्थिती पाहता, पाठांतराचे प्रश्न पीडीएफ करून हजार-पंधराशेला विकणं मला स्वतःला बरं वाटत नाही.

त्यापेक्षा आपल्या आजूबाजूला पाहा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूर आणि घुग्घुसकडचे सिमेंट कारखाने, वेकोलिच्या खाणी, उसना तांदूळ काढणाऱ्या राईस मिल. आता तर एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज. या प्रत्येक ठिकाणी अशी कामं आहेत की ज्यांना कायद्याने प्रमाणपत्र लागतं. बॉयलर चालवायचा तर परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट हवा. कोळसा खाणीत सिरदार किंवा ओव्हरमन व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा. मिलमध्ये आठ-दहा वर्षं हेल्पर असलेल्या माणसाला बॉयलरचा आवाज ऐकून काय बिघडलं ते कळतं, पण ‘सेफ्टी व्हॉल्व्हचे प्रकार सांगा’ म्हटलं की तोंडातून शब्द निघत नाही. आणि पुस्तकं बहुतेक इंग्रजी, नाहीतर हिंदी. पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर पहिल्यांदा काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे कोणी त्याला साध्या मराठीत चित्रासकट सांगितलं तर तो पैसे देईल. पास झाला तर त्याचा पगार वाढतो, आणि नीट शिकला तर त्याच्यासोबत काम करणाऱ्या चार जणांचा जीव सुरक्षित राहतो. असा कोर्स घेणारी माणसं लाखभर नसतील, पाचशेच असतील. पण ती कुठे भेटतात हे तुम्हाला माहीत आहे: गेटवरच्या चहाच्या टपरीवर.

यावर लगेच कोणी म्हणेल, बॉयलर आम्हाला कुठे येतो? बरोबर, येत नाही. म्हणून अशा कोर्सला तीन माणसं लागतात. एक ज्याला काम येतं, म्हणजे निवृत्त फोरमन किंवा आपल्याच मेकॅनिकलचे सर. दुसरा ज्याला रेकॉर्डिंग, एडिटिंग जमतं, तो तुम्ही. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, ज्याला यातलं काहीच येत नाही.

हा तिसरा माणूस ही माझी कल्पना नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा केला. सायलॅब, लिनक्स, लेटेक यांसारखी मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे छोटे धडे, प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा. आपल्या कॉलेजांतूनही त्यांच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. हे धडे विकत नाहीत, फुकट देतात. पण बनवण्याची त्यांची पद्धत विकणाऱ्यानेही जशीच्या तशी उचलावी अशी आहे. आधी स्क्रिप्ट लिहायची, दोन रकान्यांत. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे काय बोलणार. मग ती स्क्रिप्ट अगदी नवख्या माणसाला द्यायची आणि तो ती वाचून एकेक पायरी स्वतः करू शकतो का ते पाहायचं. तो जिथे अडला तिथे स्क्रिप्ट चुकली, तो नाही. हे सगळं रेकॉर्डिंगच्या आधी! आपण मात्र उलट करतो. मोबाइल लावतो, बोलत सुटतो, आणि चाळीस मिनिटांनी लक्षात येतं की मधल्या एका पायरीचा उल्लेखच राहिला.

दहा मिनिटं का, तेही समजून घ्या. शिकणारा एका बाजूला धडा लावतो, थांबवतो, स्वतः करून पाहतो, पुन्हा लावतो. त्यामुळे दहा मिनिटांच्या धड्याला त्याचा अर्धा तास सहज जातो. ड्यूटी करून आलेल्या माणसाला एका बैठकीत तेवढंच झेपतं.

आवाजाबद्दल दोन शब्द. चित्र जरा धूसर असलं तरी लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की बंद करतात. कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. होस्टेलची खोली मात्र फार घुमते. भिंतींना गाद्या उभ्या करा, खिडकीवर रजई टाका, पंखा बंद. मे महिन्यातल्या चंद्रपुरात पंखा बंद करून बोलणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच माहीत! म्हणून रेकॉर्डिंग पहाटे उरकावं, तेव्हा मेसची भांडीही वाजत नाहीत.

आता थोडं गणित, आपण इंजिनिअर आहोत ना. साध्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला ५०० किलोबिट आणि आवाजाला ६४ धरले तर ५६४ किलोबिट होतात. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. गुणून आठने भागलं की सुमारे ४२ मेगाबाइट. तीस धड्यांचे झाले सव्वा जीबीच्या वर. चंद्रपूर शहरात हे काहीच नाही. पण भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावात, जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, तिथे हाच कोर्स निरुपयोगी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. वीज गेली की टॉवरही शांत. तेव्हा स्थिर चित्रं आणि आवाज अशी १५ मेगाबाइटची हलकी आवृत्ती सोबत काढायची. नुसता आवाज वेगळा, छापता येईल अशी पीडीएफ वेगळी, आणि मेमरी कार्डवर भरून देण्याची सोयही ठेवायची. ‘ऑनलाइन’ या शब्दाला फार चिकटून बसू नये.

किंमत ठरवताना पोरं दोन टोकांना जातात. एक तर ९९ रुपये, नाहीतर पुण्या-मुंबईच्या क्लासची फी. समजा बॉयलरचा कोर्स ५०० रुपयांना ठेवला आणि पहिल्या बॅचला तीस जण आले. पेमेंट गेटवेने २ टक्के घेतले आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, तर ११ रुपये ८० पैसे गेले. हातात ४८८ रुपये २० पैसे. तीस जणांचे १४,६४६ रुपये. आता तीस धडे आणि एकेका धड्याला स्क्रिप्टपासून एडिटिंगपर्यंत आठ तास धरले, तर २४० तास. म्हणजे ताशी ६१ रुपये, आणि तेही तिघांत वाटून! हे पाहून पहिल्या बॅचलाच बहुतेकांचा धीर सुटतो. पण दुसऱ्या बॅचला ते २४० तास पुन्हा लागत नाहीत, फक्त शंकांना उत्तरं द्यायची आणि चुकलेले दोन-चार धडे पुन्हा करायचे. या धंद्यात जे काही मिळतं ते दुसऱ्या, तिसऱ्या बॅचला. म्हणून आधी तीनच धडे बनवा, दहा जणांना दाखवा, आणि ‘पुढचं हवं असेल तर आगाऊ पैसे द्याल का’ असं सरळ विचारा. ‘छान आहे भाऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. खिशात हात घालणारे किती, ते मोजा. सलमान खानने २००४ साली सुरुवात केली (अभिनेता नव्हे, खान अकॅडमीवाला) ती एका नात्यातल्या मुलीला दुरून गणित शिकवण्यापासून. आधी विद्यार्थी होती, व्हिडिओ नंतर आले.

कराचं म्हणाल तर सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नाही. पण पावती द्या आणि वहीत नोंद ठेवा. तीन मित्रांची भागीदारी बहुतेक हिशेबावरूनच तुटते.

जाहिरातीत ‘१०० टक्के निकाल’, ‘नोकरीची हमी’ असलं काही लिहू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे दावे बसत नाहीत. आणि मोठेपणाचं म्हणाल तर २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मोल लावलेल्या बायजूजवर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

स्टाफसाठी एक वेगळी गोष्ट. वर्गात शिकवताना पुस्तकातली आकृती फळ्यावर काढणं कायद्याला चालतं, तीच आकृती स्कॅन करून विकाऊ कोर्समध्ये टाकणं चालत नाही. आकृत्या स्वतः काढा. तसंच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाकडे जातो. तेव्हा सर, मॅडम, कॉलेजच्या लॅबमध्ये रेकॉर्डिंग करण्याआधी प्राचार्यांची लेखी परवानगी घेतलेली बरी. चोरीची मात्र फार चिंता करू नका. कोर्स टेलिग्रामवर जायचा तो जाणारच. कुलपांवर पैसे घालण्यापेक्षा रविवारी संध्याकाळी तासभर शंका घ्या, सराव पेपर तपासून द्या.

आता सगळेच कोर्स शिकणाऱ्याला विकायचे असं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. म्हणजे लिलावाची जाहिरात, करारनामा, मजुरीचं मस्टर, पुड्यांची मोजणी, बँकेचा हिशेब हे सगळं गावातल्या बारावी झालेल्या मुलामुलींवर आलं. हिशेब चुकला की ठेकेदाराचं फावतं. हा कोर्स फार गरजेचा आहे, पण त्या मुलांकडून फी घेऊ नये. त्याचे पैसे ग्रामसभांचा संघ, एखादी संस्था किंवा विद्यापीठ देऊ शकेल. शिकणाऱ्याला फुकट, बनवणाऱ्याला मोबदला. तिथे पंधरा पानी प्रस्ताव लागत नाही. एका खऱ्या मस्टरवर बनवलेले दोन धडे दाखवले तर बोलणं सुरू होतं.

अशा कोर्ससाठी चित्र आणि आवाज पहिल्यापासून वेगळे ठेवा. स्पोकन ट्युटोरियलवाले हेच करतात: स्क्रिप्टच्या प्रत्येक वाक्यापुढे मिनिट-सेकंद लिहितात, आणि तेच चित्र ठेवून मराठीसकट अनेक भाषांत आवाज बदलतात. आपल्याला भामरागडसाठी माडिया लागेल, सिरोंचासाठी तेलुगू. होस्टेलमध्ये दोन्ही बोलणारी मुलं आहेत, आणि माइक एकच पुरतो.