शोंगाउअरच्या ताम्रचित्रांतील अधांतरी यति

कोलमार येथील मार्टिन शोंगाउअर (मृत्यु इ. स. १४९१) याचें 'संत अँथनीचा मोह' हें ताम्रचित्र युरोपीय संग्राहकांत सुप्रसिद्ध आहे. परंतु हें रूढ नांव आम्हांस भ्रामक वाटतें. चित्रांत ना मोहिनी आहे, ना द्रव्य. एक दाढीधारी वृद्ध यति आकाशांत अधांतरी असून खवले, कांटे व पंख असलेलीं पिशाच्चें त्यास ओढीत व बडवीत आहेत. त्याची मुद्रा मात्र निर्विकार आहे.

यति हवेंत कां, याचा उलगडा अथनेशियस यानें चौथ्या शतकांत रचिलेल्या अँथनीच्या चरित्रांत होतो. मिसरदेशीय अँथनी एकदां भोजनापूर्वीं प्रार्थनेस उभा असतां, आपणांस कोणी आकाशमार्गें नेत आहे असें त्यास दिसलें. वाटेंत भयंकर आकृतींनीं त्याची वाट अडवून जन्मापासूनच्या पापांचा हिशेब मागितला. नेणाऱ्यांनीं उत्तर दिलें कीं, पूर्वीचीं पापें प्रभूनें पुसून टाकिलीं आहेत. हिशेब घेणें तर यतिव्रत घेतल्या दिवसापासून घ्यावा. त्या काळांतील एकहि आरोप सिद्ध न झाल्यानें वाट मोकळी झाली. आमच्या मतें चित्राचा विषय हा जाब आहे, मोह नव्हे. मारहाण मात्र त्याच चरित्रांतील थडग्यांतल्या निराळ्या प्रसंगाची आहे. चित्रकारानें दोन्ही प्रसंग एकत्र केले असावेत. विषयाची त्यास ओळख होतीच. कोलमारनजीकच्या इझेनहाइम येथील अँथनीपंथी मठाचा प्रमुख जाँ दॉर्लिए याजकरितां त्यानें वेदीचित्रें रंगविलीं होतीं.

आपल्याकडील दानपत्रांच्या ताम्रपटांवरील लेख पत्र्यावरच वाचावयाचा असतो. येथें कोरलेल्या रेघांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, ओलसर कागद दाबीत. त्यामुळें चित्र उलटें उमटे. (मिरजेस इ. स. १८०५ मध्यें गीता छापिली तीहि तांब्याचे पत्रे कोरूनच.)

शोंगाउअरच्या सुमारें ११६ ताम्रचित्रांवर त्याचीं नामाक्षरें आहेत, पण एकावरहि सन नाहीं. म्हणून कालनिर्णय अक्षरवळणावरून करितात: 'एम्' या अक्षराच्या बाजू उभ्या असल्यास चित्र आरंभींचें, तिरप्या असल्यास नंतरचें. प्रस्तुत चित्र इ. स. १४७० ते १४७५ च्या सुमाराचें मानितात.

बाल मायकेलँजेलोनें या चित्राची रंगीत प्रत केली व खवल्यांच्या रंगांसाठीं बाजारांतील मासे पाहिले, असें त्याचे चरित्रकार सांगतात. ती प्रत म्हणून ओळखला जाणारा फलक इ. स. २००९ मध्यें अमेरिकेंतील फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयानें घेतला. मूळ चित्रांत यतीच्या खालीं, कोपऱ्यांतील खडक सोडल्यास, कोरा कागद आहे. फलकावर तेथें नदी व डोंगर रंगविले आहेत.