आधी ऊब, मग औषध

निफाडकडची थंडी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, गहू-हरभरावाले खूश असतात. पण ज्याच्या घरी याच दिवसांत एक दिवसाची पिल्लं येतात, त्याची झोप उडते. मागच्या पौषात तालुक्यातल्या एका वस्तीवर जाणं झालं. तिथल्या एका मावशींनी बचत गटाचं कर्ज काढून सुधारित जातीची शंभर पिल्लं आणली होती. दुपारी पेटी उघडली तेव्हा सगळी टणटणीत होती. सकाळी पाहतात तो चौदा मेलेली आणि वीस-बावीस माना टाकून पडलेली.

"रातीतून चौदा गेली हो भाऊ. कोंचा रोग आला म्हनावं?" मावशींच्या हातात दुकानातून आणलेली औषधाची पुडी होती.

सोबत आलेले पशुधन पर्यवेक्षक पुडीकडे बघेनातच. त्यांनी एक पिल्लू उचललं आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावले. पाय गार पडले होते. मग त्यांनी वर पाहिलं. पिल्लांवर टोपली पालथी घातलेली आणि तिच्यात नऊ वॅटचा एलईडी बल्ब. "मावशी, उजेड आहे, पण ऊब कुठंय?"

हा घोटाळा आता बऱ्याच ठिकाणी होतो. पूर्वी बल्ब म्हणजे पिवळा बल्ब, तो तापायचाच. एलईडीने वीज वाचते, पण पिल्लू वाचत नाही. थंडीत पिल्लामागे दोन वॅट धरावेत, म्हणजे शंभर पिल्लांना शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब. दोन अशासाठी की एक उडाला तर दुसरा असावा. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला पाच-पाच अंश फॅरनहाइट कमी करत जायचं. थर्मामीटर असला तर उत्तमच, पण पिल्लंही सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय. लांब पळून, पंख पाडून, चोच वासून बसली तर जास्त झालं. सगळी एकाच कडेला गेली तर दुसरीकडून वारं येतंय. चौफेर पसरून काही खातायत, काही झोपलीत, तर तुम्हीही झोपायला हरकत नाही.

पर्यवेक्षकांनी आधी आजारी पिल्लं वेगळी केली. पुठ्ठ्याचं खोकं, तळाला गोणपाट, वर शेजारच्या घरातून मागून आणलेला साठचा बल्ब, कडेला फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात लगेच पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. आधी अंग गरम होऊ द्यायचं. मान उचलली की कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा. पिल्लू गिळतंय असं दिसलं तरच पुढचा थेंब. हे गूळपाणी पहिले काही तासच, नंतर साधं कोमट पाणी. खाद्याची घाई नको. अंड्यातला पिवळा बलक पोटात असतो, त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस तगतं. पाण्याला मात्र थांबता येत नाही. नवीन खेप उतरवताना एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवावी ती याचसाठी.

संध्याकाळपर्यंत खोक्यातली सतरा पिल्लं उभी राहिली. पाच गेली.

दोन-चार पिल्लांच्या बुडाला शेण वाळून चिकटलं होतं. गारठ्याने आणि प्रवासाच्या ताणाने असं होतं. ते ओढून काढू नये, कातडी निघते. कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून सोडवावं, कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट लावावं. ओलं पिल्लू तसंच आत सोडू नये. पाय फाकलेली पिल्लं बहुतेक वेळा गुळगुळीत कागदामुळे होतात. कागदावर गोणपाट टाकावं, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन्ही पाय मऊ पट्टीने सैलसर जोडून ठेवले तर बरीचशी सुधारतात. उशीर झाला की नाही.

ऊब, पाणी, हवा ठीक असूनही मरतूक थांबली नाही, तर मग रोगाचा विचार. पोट फुगलेलं, बेंबी ओली आणि वास येतोय, तर दोष उबवणीतला आहे. असं पिल्लू क्वचितच वाचतं. मावशींची आणखी तीन अशीच गेली. पांढरी, खडूसारखी हगवण आणि मरतूक वाढत चाललेली, तर पुलोरम असू शकतो. तो कोंबडीकडून अंड्यातून येतो. त्यातून वाचलेल्या पक्ष्याची अंडी पुढे उबवायला बसवू नयेत. आवाज न करता चोच वासून धापा टाकत असतील तर भाताचं तूस हुंगून पाहा. बुरशीच्या तुसाने फुप्फुसं भरतात, त्यावर औषध नाही. गादी बदलणं हाच उपाय.

आणि ती पुडी? ती प्रतिजैविकाची होती. थंडीला प्रतिजैविक चालत नाही, आणि ऊठसूट दिलं तर खरी गरज पडते तेव्हा लागू पडत नाही. कोलिस्टिन माणसांच्या उपचारात शेवटच्या वेळेला लागतं, म्हणून केंद्र सरकारने 2019 साली ते कोंबड्यांना द्यायला आणि त्यासाठी विकायला बंदी केली. दवाखान्यात विचारल्याशिवाय पुडी फोडू नये. ताजं मेलेलं पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फावर ठेवून नेलं तर शवविच्छेदनात पुष्कळ कळतं. बाकीची खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. आजारी पिल्लांचं काम नेहमी शेवटी करावं आणि हात धुवावेत.

वीज गेली की शेगडी ठेवतात. निखारे धुमसते नसावेत आणि छताजवळची फट उघडी हवी. कोळशाच्या वायूने सबंध खोलीतली पिल्लं गेल्याची उदाहरणं आहेत, आणि राखण करणाऱ्या माणसालाही तोच धोका.

सातव्या दिवशी पुन्हा वस्तीवर गेलो तो मानमोडीची, म्हणजे रानीखेतची, लासोटा लस डोळ्यात टाकायचं काम चालू होतं. आजारी पिल्लाला ती देत नाहीत, म्हणून एकेक पारखून घेत होते. अठ्ठ्याहत्तर भरली. मावशी म्हणाल्या, "हप्ता निघंल. पन भाऊ, रोज राती उठून बगते आता." रात्री त्या पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपतात. भरलेली आणि मऊ लागली, की दिवा तसाच ठेवून आत येतात.