किती खोल? धातुशोधक यंत्रांची तुलना आणि जोडीला ठेवायचं दुसरं यंत्र

धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, हा विषय निघाला की आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला येतो: "कुठलं मशीन सगळ्यात खोल जातं?" दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो: "मग जोडीला दुसरं कुठलं घेऊ?" आज हे दोन्ही प्रश्न घेऊ. पहिल्याचं उत्तर नीट कळलं तर दुसऱ्याचं निम्मं काम होऊन जातं, म्हणून आधी पहिला.

हा छंद मुख्यतः इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातला. आम्हाला त्याची ओळख झाली ती इंग्लंडातल्या शेतांवर, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी बोलू.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाला जी तबकडी असते ती कॉइल. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली नाणं असेल तर त्यात छोटे भोवरा-प्रवाह फिरायला लागतात, आणि ते प्रवाह स्वतःचं एक क्षीण क्षेत्र वर पाठवतात. दुसरं वेटोळं ते ऐकतं. म्हणजे प्रवास दोनदा झाला, जाताना एकदा आणि येताना एकदा. आता कॉइलच्या आकाराच्या मानाने नाणं बऱ्यापैकी खोल असेल, तर अंतर दुप्पट झालं की जाणारं क्षेत्र आठपट कमी होतं. परत येणारंही आठपट कमी. आठ गुणिले आठ, चौसष्ट! वीस सेंटिमीटरवरचं नाणं चाळीसवर गेलं की सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो.

हा आकडा एकदा डोक्यात बसला की जाहिराती वेगळ्या दिसायला लागतात. वीस सेंटिमीटरऐवजी बावीसवर तेच नाणं ऐकायचं असेल, तर यंत्र पावणेदोनपट संवेदनशील हवं. चोवीसवर ऐकायचं तर जवळजवळ तिप्पट. दोन बोटं जास्त खोलीसाठी तिप्पट! म्हणून मधल्या किमतीचं चांगलं यंत्र आणि सगळ्यात महागडं यंत्र यांच्यात साध्या नाण्याच्या खोलीचा फरक बहुधा दोन-तीन बोटांचाच असतो. महाग यंत्रात पैसे वाया जातात असं आम्ही म्हणत नाही. पैसे कशाचे जातात ते पुढे येईलच.

मग मोठी कॉइल लावली तर? मोठी वस्तू, घडा, तांब्याचं भांडं असं काही असेल तर खोली वाढते. पण लहान नाणं मोठ्या कॉइलखाली हरवतं, आणि कॉइलला एका वेळी जास्त माती आणि जास्त खिळे दिसतात. शिवाय दिवसभर ती हातात धरून फिरवायची असते, दुपारनंतर खांदा बोलायला लागतो. अकरा इंची कॉइलने साधारण नाण्याला तिच्या व्यासाइतकी खोली दिली, तर आम्ही खूश असतो.

फ्रिक्वेन्सीचंही असंच. कमी फ्रिक्वेन्सी जाड, चांगल्या वाहक वस्तूंना मानवते, म्हणजे चांदीचं मोठं नाणं वगैरे. जास्त फ्रिक्वेन्सी बारीक आणि पातळ गोष्टी पकडते. जुन्या गॅरेट एस 250 मध्ये 6.5 किलोहर्ट्झ ही एकच फ्रिक्वेन्सी होती. 2018 साली आलेल्या माइनलॅबच्या इक्विनॉक्स 800 ने एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणं मधल्या किमतीत आणलं, आणि त्यानंतर बाजारच त्या दिशेने वळला. त्याचा खरा फायदा खोलीपेक्षा स्थिरतेत आहे. ओली, खारट किंवा लोहयुक्त जमीन आली की असं यंत्र कमी बडबडतं.

जमीन! हा विषय लोक विसरतात. घरात टेबलावर यंत्र ठेवायचं, कॉइलसमोर नाणं हलवायचं, आणि "पस्तीस सेंटिमीटर!" म्हणून आनंदायचं. ही हवेतली चाचणी. हवेत माती नसते. शेतात नाण्याच्या सिग्नलपेक्षा मातीचा सिग्नल कितीतरी पट मोठा असू शकतो, आणि यंत्राला त्या गोंगाटातून नाणं वेगळं काढायचं असतं. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. चुंबकाला दोरी बांधून ओढ्यातल्या वाळूतून फिरवा, काळी मिशी चिकटून येते. अशा जमिनीवर इंग्लंडच्या मऊ चुनखडीच्या शेतातली खोली मिळणार नाही. ऑस्ट्रेलियात सोनं शोधणारे लोक याच कारणाने पल्स इंडक्शन नावाची वेगळी पद्धत वापरतात. ती गरम, लाल, लोहयुक्त जमिनीत खूप खोल ऐकते, पण खिळा की सोनं हे सांगण्यात कच्ची असते. प्रत्येक पीपला खणायचं, एवढाच मार्ग.

खिळ्यांवरून एक जुनी गोष्ट सांगतो. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात कुठे आहे ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं प्रेरण-यंत्र घेऊन आले. यंत्र चालत होतं, आधीच्या चाचण्यांत त्यांनी गोळ्या शोधूनही दाखवल्या होत्या. पण अध्यक्षांच्या बिछान्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी बेलना शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी सापडली नाही. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. शेतातही हेच होतं. नाण्याशेजारी गंजका खिळा असेल तर नाणं पाच सेंटिमीटरवर असूनही ऐकू येत नाही. अशा जागी उपयोग असतो तो यंत्र एका वस्तूवरून दुसरीवर किती चटकन सावरतं याचा, आणि छोट्या कॉइलचा. महाग यंत्रात पैसे जातात ते बरेचसे इथे.

आता तुलना करायची तर कशी? आमची पद्धत सांगतो, फुकट आहे. दोघं जण, दोन यंत्रं, एकच शेत. पहिल्याने फिरताना क्षीण सिग्नल मिळाला की खणायचं नाही, रंगीत चकती टाकून पुढे जायचं. जोरदार सिग्नल सोडून द्या, ते दोन्ही यंत्रांना ऐकू येणारच, त्यातून काही कळत नाही. अशा दहा-पंधरा जागा झाल्या की दुसऱ्याने येऊन ऐकायचं. पण एक गंमत आहे. चकती दिसली की माणूस कान टवकारतो, यंत्र हळू फिरवतो, आणि नसलेलाही आवाज त्याला ऐकू येतो. म्हणून काही चकत्या मुद्दाम रिकाम्या जागी टाका, आणि कुठल्या ते दुसऱ्याला सांगू नका. मग अदलाबदल करा, म्हणजे आधी दुसऱ्याने शोधायचं आणि पहिल्याने तपासायचं. शेवटी खणा, आणि प्रत्येक वस्तूची खोली पट्टीने मोजून लिहा. आम्ही पहिल्यांदा असं केलं तेव्हा आमच्यातल्याच एकाने तीन रिकाम्या चकत्यांवर "नक्की चांदी" असं सांगितलं होतं. (हशा) नाव घेत नाही, ते आज इथेच बसलेत.

नोंद करताना दोन रकाने ठेवा. कुठल्या खोलीवर यंत्राने आवाज दिला, हा एक. कुठल्या खोलीवर हे लोखंड नाही असं त्याने बरोबर सांगितलं, हा दुसरा. खोल गेलं की आकडे भरकटतात, चांगलं तांब्याचं नाणं खिळ्यासारखं दिसायला लागतं. पहिल्या रकान्यात दोन यंत्रं सारखी येतात, दुसऱ्यात फरक दिसतो. आमचा निर्णय आम्ही नेहमी दुसऱ्या रकान्यावर करतो.

इथे थोडं थांबून एक प्रश्न. एवढी खोली आपल्याला हवी तरी कशाला? इंग्लंड आणि वेल्ससाठी जबाबदार शोधाची एक आचारसंहिता आहे. ती सांगते, नांगरटीच्या शेतात नांगर जातो तितक्याच थरात खणा. नांगर जातो साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर. त्या थरातल्या वस्तू नांगराने आधीच हलवलेल्या असतात. त्याखालची माती मात्र कुणी हात लावलेली नसते. तिथे वस्तू कशाशेजारी, कुठल्या थरात, कशी ठेवली होती, हीच खरी माहिती असते, आणि एका खड्ड्यात ती कायमची जाते.

1992 च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. त्याचे मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन ती शोधायला गेले, आणि सोन्या-चांदीची नाणी, चमचे वर यायला लागले. त्यांनी थोडं काढलं, थांबले आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी उरलेलं सगळं जागेवर नीट उचललं. सुमारे 15 हजार रोमन नाणी निघालीच, शिवाय ती एका लाकडी पेटीत, आत लहान डब्यांत लावून ठेवलेली होती हेही कळलं. घाईघाईने उपसलं असतं तर नाणी मिळाली असती, पेटी गेली असती. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उलट 2009 सालचा स्टॅफर्डशायरचा प्रसिद्ध सोन्याचा साठा नांगरटीच्या थरातच विखुरलेला होता. त्यासाठी कुणाला खोल जाणारं यंत्र लागलं नाही.

म्हणून, ज्या यंत्राने तुमच्या जमिनीत पंचवीस सेंटिमीटरवर नाणं नाणं म्हणून ओळखलं, ते पुरेसं खोल आहे. आता दुसऱ्या यंत्राकडे येऊ.

इंग्लंडात शेतकऱ्याची परवानगी मिळते ती कापणी आणि पुढची पेरणी यांच्या मधल्या काही आठवड्यांची. त्यातही सुट्टीचे दिवस तीन-चार. एकदा अशाच एका दिवशी आम्ही दीडशे किलोमीटर गाडी हाकून गेलो, आणि दहा वाजता मुख्य यंत्राची केबल कॉइलपाशी तुटली. कंपनीने पुढे बदलून दिली, पण दोन महिन्यांनी. तोवर शेतात गहू उगवला होता. त्या दिवशी आम्ही चहा पीत इतरांना खणताना पाहिलं. दुसरं यंत्र या दिवसासाठी असतं. मुख्य यंत्रापेक्षा खोल जाण्यासाठी नसतं.

त्यामुळे निवडताना आम्ही विचारतो: आपला दिवस कशाने बुडतो? बॅटरीने, पाण्याने, केबलने की कॉइलने? मुख्य यंत्रात आतच बसवलेली चार्जिंगची बॅटरी असेल, तर दुसरं पेन्सिल सेलवर चालणारं घ्या. माइनलॅबचं व्हॅन्क्विश 440 चार पेन्सिल सेलवर चालतं, आणि ते सेल कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतात. मात्र त्याची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी नाही, हे लक्षात ठेवा. पावसाची किंवा ओढ्याकाठची भीती जास्त असेल तर नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस बघा. ते सगळंच तीन मीटर पाण्यापर्यंत चालतं, 12 किलोहर्ट्झ ही एकच फ्रिक्वेन्सी आहे, आणि बटणं दहा मिनिटांत समजतात. पण त्याची बॅटरी आतली आहे, म्हणजे पॉवर बँक सोबत हवी. दोन्ही मुख्य यंत्रापेक्षा एखाद-दोन बोटं कमी ऐकतील. वर सांगितलेला हिशेब आठवा, तेवढ्याने दिवस बुडत नाही.

कंपनी तीच ठेवावी का? कॉइल एकमेकांना बसत असतील तर ठेवावी, एका तुटक्या कॉइलचा प्रश्न तिथेच मिटतो. आवाज ओळखीचे राहतात हाही फायदा. कान एका यंत्राला सरावायला महिने लागतात, आणि दुसरं यंत्र वर्षातून दोनदाच हातात येतं. म्हणूनच आमच्यापैकी बहुतेकांचं दुसरं यंत्र म्हणजे जुनं पहिलं यंत्र. नवं घेतलं तेव्हा जुनं विकलं नाही, एवढंच. विकून मिळणारी रक्कम फार नसते, आणि कानांना ते पाठ असतं. पल्स इंडक्शन यंत्राला आम्ही बॅकअप म्हणत नाही. ते समुद्रकिनाऱ्यासाठी वेगळं हत्यार आहे. खिळ्यांनी भरलेल्या शेतात ते घेऊन गेलात तर संध्याकाळी पिशवीभर गंज घेऊन घरी याल.

आणि हो, ते दुसरं यंत्र महिन्यातून एकदा चालू करा. सेल आत ठेवून माळ्यावर टाकलं की सेल गळतात, संपर्क गंजतात. बॅकअप म्हणून गाडीत असतं, पण ते चालूच होत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: हे आपल्याकडे, किल्ल्यांवर करता येईल का?)

नाही. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. इतरत्रसुद्धा 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इंग्लंडच्या 1996 च्या कायद्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं, आणि तिथे किरकोळ वस्तूंचीही नोंद करून घेणारी व्यवस्था आहे, म्हणून छंद आणि पुरातत्त्व एकत्र नांदतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. 2025 च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात एका चित्रपटानंतर लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं उकरत होते, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तिथे कुणाला काय मिळालं हे सोडा, कुठे काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला यंत्र वापरायचंच असेल तर स्वतःच्या शेतात हरवलेला फाळ, पाइपाचं झाकण, कुणाची अंगठी शोधा. हॉक्सनलाही सुरुवात हातोडीपासूनच झाली होती.