पॉलीहाऊस उभारण्याआधी अल्मेरिया समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत अल्मेरियाबद्दल थोडंच बोलता आलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पण आधी माझ्या दुकानातला एक प्रसंग ऐका.

माझं पॅकिंग साहित्याचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी एक तरुण शेतकरी आला. वीस गुंठ्यांचं पॉलीहाऊस, कर्ज मंजूर, रंगीत ढोबळी मिरची लावणार. त्याला स्वतःच्या फार्मचं नाव आणि खाली ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ असं छापलेले दोन हजार बॉक्स हवे होते. मी छापून दिले. माल कोण घेणार, हे मी विचारलं नाही. वर्षभराने तो टेम्पोतून उरलेले सोळाशे बॉक्स घेऊन आला. म्हणाला, “दादा, परत घेता का?”

दुसऱ्याचं नाव छापलेले बॉक्स मी कोणाला विकणार? त्याचा माल खराब नव्हता. पण तो जवळच्या बाजार समितीत क्रेटमधून गेला, मिळेल त्या भावात. बँकेचा हप्ता मात्र ठरलेलाच होता. माझा धंदा झाला, त्याचा नाही. ती गोष्ट अजून मला टोचते. तेव्हापासून बॉक्सची ऑर्डर घेण्याआधी मी प्रश्न विचारतो आणि अल्मेरियाची गोष्ट सांगतो.

अल्मेरिया आहे तरी काय?

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातला हा जिल्हा. किनारपट्टीवर वर्षाला पाऊस साधारण २०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीपेक्षाही कमी. जवळच ताबेर्नासचं वाळवंट आहे. जुने काउबॉय सिनेमे पाहिले असतील, तर त्यातले बरेच उजाड डोंगर तिथलेच. आज याच जिल्ह्यात ३० हजार हेक्टरांहून जास्त, म्हणजे ७५ हजार एकरांच्या पुढे ग्रीनहाऊस आहेत. टोमॅटो, ढोबळी, काकडी, वांगी, झुकिनी असा माल इथून ट्रक भरभरून युरोपभर जातो.

आपले लोक हे फोटो बघतात आणि म्हणतात, “प्लास्टिकने कमाल केली.” नाही मित्रांनो. प्लास्टिक कोणीही विकत घेऊ शकतो. कमाल दुसऱ्या चार गोष्टींची आहे.

१. जे हाताशी होतं, त्यातूनच सुरुवात

अल्मेरियाचे लोक पूर्वी द्राक्षं निर्यात करायचे. लाकडी पिंपात बुचाच्या झाडाचा भुसा घालून त्यात द्राक्षं भरायची आणि जहाजाने पाठवायची. द्राक्षांसाठी तारांचे मांडव होतेच. १९६० च्या दशकात त्याच मांडवाच्या पद्धतीने तारांच्या दोन जाळ्यांमध्ये प्लास्टिक धरून ग्रीनहाऊस उभी राहिली. सांगली-नाशिकच्या माणसाला हे लगेच कळेल.

जमीन नापीक आणि पाणी खारट. त्यावर उपाय म्हणून बाहेरून आणलेल्या मातीचा थर, त्यावर शेणखत आणि सगळ्यात वर वाळू. वाळूमुळे ओल टिकते आणि क्षार वर येणं कमी होतं. हिवाळा सौम्य, त्यामुळे बहुतेक ग्रीनहाऊसमध्ये हीटर नाहीत. उन्हाळ्यात प्लास्टिकवर पांढरा लेप मारतात, झालं. म्हणजे सुरुवातीचा खर्च कमी. खर्च कमी असेल, तर पडत्या भावातही माणूस टिकतो.

२. पिकाआधी कॅलेंडर

जर्मनी, हॉलंड, इंग्लंडमध्ये बर्फ पडत असतो, तेव्हा अल्मेरियात तोडणी चालू असते. ट्रक दोन-तीन दिवसांत पोहोचतो. ग्राहकाकडे माल नाही, तेव्हा आपल्याकडे तो आहे, हाच त्यांचा खरा धंदा. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला आणि ही बाजारपेठ आणखी मोकळी झाली.

आपण उलट करतो. शेजाऱ्याने ढोबळी लावली म्हणून आपणही लावतो आणि दोघांचा माल एकाच आठवड्यात बाजारात येतो.

३. शेत लहान, विक्री मोठी

तिथे मोठ्या कंपन्यांचीच शेती असेल असं वाटतं ना? तसं नाही. बहुतेक शेतं कुटुंबाची, सरासरी पाच-सहा एकरांच्या आसपास. पण विक्री एकत्र होते. काही माल लिलावगृहात जातो आणि बराचसा सहकारी संस्थांमार्फत. प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह आणि परदेशी सुपरमार्केटशी बोलणी ही सगळी कामं संस्था करते. आपल्या महाग्रेप्सने द्राक्षात हाच मार्ग धरला होता. एकट्या शेतकऱ्याला रोज एकसारखा माल देणं जमत नाही, आणि मोठा खरेदीदार नेमकं तेच मागतो.

४. विश्वास एका दिवसात जातो

हा भाग नीट वाचा. २००६ च्या अखेरीस जर्मनीत अल्मेरियाच्या ढोबळीत आयसोफेनफॉस-मिथाइल हे परवानगी नसलेलं कीटकनाशक सापडलं. खरेदीदार बिथरले. फवारणारे सगळे नव्हते, पण बदनामी सगळ्यांची झाली. मग तिथल्या शेतकऱ्यांनी काय केलं? फुलकिडे आणि पांढरी माशी खाणारे मित्रकीटक ग्रीनहाऊसमध्ये सोडायला सुरुवात केली. दोनेक हंगामांत ढोबळीचं बहुतांश क्षेत्र या पद्धतीखाली आलं. मोठं मन परिवर्तन वगैरे काही नाही, ग्राहक गेला तर घर चालणार नाही हे कळलं.

२०११ मध्ये तर चूक नसतानाही फटका बसला. जर्मनीत ई-कोलायची साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली आणि हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी आधी स्पॅनिश काकडीवर बोट ठेवलं. काही दिवसांत ते मागे घेतलं. शेवटी धागा मोड आलेल्या मेथीपर्यंत आणि इजिप्तहून आलेल्या बियांपर्यंत गेला. तोवर काकडीचे भाव कोसळले होते आणि माल फेकून द्यावा लागला होता. आपला माल कुठल्या प्लॉटचा आणि त्यावर काय फवारलं, याची नोंद हाताशी असेल तर निदान आपली बाजू मांडता येते.

हे दूरचं वाटत असेल, तर आपल्या द्राक्ष बागायतदारांना २०१० चा हंगाम विचारा. क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपात गेलेला माल अडकला.

दुसरी बाजूही बघा

अल्मेरिया स्वर्ग नाही. भूजल इतकं उपसलं की काही भागांत समुद्राचं पाणी आत आलं, आता खारं पाणी गोडं करण्याचे प्रकल्प चालवावे लागतात. जुन्या प्लास्टिकचा कचरा आहे. स्थलांतरित मजुरांच्या राहणीमानावर टीका होते. आपण शिकायचं ते यश आणि चूक दोन्ही बघून.

आता तुमचा गृहपाठ

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एका वहीत ही उत्तरं लिहा:

- माझा माल कोण घेणार? ‘मार्केट’ हे उत्तर चालणार नाही. किमान तीन खरेदीदारांशी प्रत्यक्ष बोला.
- कोणत्या महिन्यांत त्यांच्याकडे माल कमी असतो?
- माझ्यासोबत तेच पीक, तीच जात लावणारे आणखी चार-पाच जण कोण?
- फवारणीची नोंद आणि अंश तपासणी कोण करणार?
- किलोमागे माझा खर्च किती?

शेवटच्या प्रश्नाचं उदाहरण घ्या. समजा हप्ता धरून वर्षाचा खर्च ८ लाख आणि विकण्याजोगा माल २० टन. म्हणजे किलोला ४० रुपये. भाव २५ झाला की प्रत्येक किलोमागे १५ रुपये खिशातून गेले. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्ही भरा. आणि भाव धरताना गेल्या तीन वर्षांतला सगळ्यात वाईट महिना धरा, सगळ्यात चांगला नाही.

निर्यातीचे कागद, म्हणजे आयात-निर्यात कोड, अपेडाची नोंदणी, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, हे सगळं करता येतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो. पण कागद असले म्हणून ग्राहक येत नाही.

तो तरुण आता काय करतो? आजूबाजूच्या चौघांना घेऊन शहरातल्या हॉटेलांना आठवड्यातून तीनदा माल देतो. निर्यात नाही, पण हप्ता वेळेवर जातो. परवा दुकानात आला होता. या वेळी दोनशेच बॉक्स मागितले, आणि तेही कोरे.